घरच्या मशीनवर झब्बा-लेंगा: नवऱ्यासाठी आणि चार वर्षांच्या मुलासाठी

घरी शिवलेला झब्बा पुरुष का घालत नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा काखेत असतं. हात वर केला की अख्खा झब्बा वर चढतो, खांद्यात ओढतो, आणि दोन धुण्यांत काखेतच उसवतो. रेडिमेड कुर्त्याच्या कागदी नमुन्यावर कापलं की हे हमखास होतं, कारण त्या गोल मुंढ्याला (बाही जोडायच्या भोकाला) गोल बाही बसवणं हे सरावलेल्या हाताचं काम आहे. आपला जुना कळीचा झब्बा (दोन्ही बाजूंना वर अरुंद, खाली रुंद अशा पट्ट्या, म्हणजे कळ्या, जोडलेला) त्याहून सोपा आणि अंगाला जास्त सुखाचा. त्यात गोल मुंढाच नाही. गळा सोडला तर सगळ्या कडा सरळ, कापड जवळजवळ वाया जात नाही, आणि काखेत एक छोटा चौकोन बसतो, जो हाताला मोकळीक देतो. तो चौकोन नीट बसवता आला की अर्धं काम जिंकलं, म्हणून खाली त्यावर सगळ्यात जास्त लिहिलं आहे.

कापड

रोजच्या वापराला खादी, कॅम्ब्रिक किंवा जाडसर पॉपलिन घ्या. मलमल दिसते छान, पण पहिल्या झब्ब्याला नको: ती मशीनखाली सरकते आणि खिशाचं वजन तिला पेलत नाही. सॅटिन, सिल्कही पहिल्या वेळी टाळा.

कापड आणल्या आणल्या कापायला बसू नका. सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता दोरीवर टाका आणि किंचित ओलसर असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. अडीच मीटरच्या खादीत तीन-चार इंच सहज आटतात. हे आटणं झब्बा शिवून झाल्यावर झालं तर उंची जाते, गळपट्टीला सुरकुत्या पडतात आणि आतला कॅनव्हास न आटल्यामुळे ती पट्टी कायमची वाकडी दिसते. शिवाय गडद रंग पाण्यात सुटतो का, ते इथेच कळतं.

मग एका टोकाला आडवा धागा ओढून काढा. जिथे धागा निघाला तिथे बारीक रेघ दिसते, तिच्यावर कापा. दुकानात फाडलेलं किंवा कात्रीने कापलेलं टोक काटकोनात असेलच असं नाही. ते वाकडं राहिलं तर घडी घालून कापलेले दोन्ही भाग तिरके येतात, आणि घालताना झब्बा एका बाजूला वळतो.

मशीनला १४ नंबरची सुई आणि इंचाला १० ते १२ टाके ठेवा. सुई नवी घाला. बोथट सुईने खादीचा धागा ओढला जातो आणि टीप कापडाला चुणी पाडते, मग आपण उगाच दोऱ्याचा ताण फिरवत बसतो.

नवऱ्याचा झब्बा: मापं आणि बेतणी

मापं अंगावरून घेण्यापेक्षा त्याला आवडणारा, ढगळ बसणारा एखादा झब्बा पलंगावर पसरून घेतली तर जास्त खरी येतात. नुसती छाती आणि हाताचं माप अंगावर घ्या. हाताचं माप मानेमागच्या हाडापासून खांद्यावरून मनगटापर्यंत घ्यायचं.

पुढचा हिशोब छाती ३८ इंच, झब्ब्याची तयार उंची ३८ इंच आणि मान ते मनगट साडेबत्तीस इंच असलेल्या माणसाचा आहे. छातीला सहा इंच ढिलाई धरायची, म्हणजे तयार घेर ४४. हा घेर दोन भाग (पुढचा आणि मागचा) प्रत्येकी १७ इंच आणि चार कळ्यांची वरची बाजू प्रत्येकी अडीच इंच असा भरतो: ३४ अधिक १०. तुमचं माप वेगळं असेल तर हेच गणित उलटं करा: छातीत सहा मिळवा, त्यातून १० वजा करा, उरलेल्याचे दोन भाग करा. माया (शिवणीसाठी सोडायचं जास्तीचं कापड) सगळीकडे अर्धा इंच.

३६ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) अडीच मीटर कापड या मापाला बरोबर पुरतं. ते असं कापा.

सुरुवातीच्या ४० इंच लांबीत शेजारी शेजारी १८ इंच रुंदीचे दोन उभे भाग, एक पुढचा आणि एक मागचा. यात खांद्याची माया आणि खालच्या दुमडीचा दीड इंच धरला आहे.

पुढच्या लांबीत पन्ह्याचे उभे दोन पट्टे करा, १८-१८ इंचांचे. एका पट्ट्यात दोन बाह्या एकाखाली एक, प्रत्येकी साडेपंचवीस इंच लांब. खांद्याशी १८ इंच रुंद, मनगटाशी १२. मात्र काखेकडचे पहिले तीन इंच सरळ ठेवा, तिथून मनगटाकडे निमुळतं करत जा.

दुसऱ्या पट्ट्यात ९ इंच रुंद आणि साडेएकतीस इंच लांब असे दोन आयत. प्रत्येक आयतातून दोन कळ्या निघतात: वरच्या कडेवर साडेतीन इंचांवर खूण, खालच्या कडेवर त्याच बाजूने साडेपाच इंचांवर खूण, दोन्ही जोडून तिरकी रेघ. कापल्यावर एक कळी सरळ निघते, दुसरी उलटी फिरवली की तशीच होते. कापण्यापूर्वी दोन्ही आयत सुलट बाजू समोरासमोर ठेवून एकावर एक घ्या आणि एकदमच कापा. वेगवेगळे कापले तर चारही कळ्या एकाच अंगाच्या येतात आणि दोन कळ्यांची उलट बाजू बाहेर दिसते. साध्या खादीला दोन्ही बाजू सारख्या असल्याने हे खपून जातं, छापील कापडात नाही. आणि ज्या छापाला वर-खाली आहे (मोर, कोयरी, उभे देठ), तो कळीच्या झब्ब्याला घेऊच नका, कारण प्रत्येक आयतातली एक कळी डोक्यावर उभी राहणार.

या दुसऱ्या पट्ट्यात कळ्यांखाली जवळजवळ १८ बाय १९ इंचांचा तुकडा उरतो आणि शेवटाला थोडी पट्टी. त्यातून काखेचे दोन चौकोन (साडेतीन बाय साडेतीन), गळपट्टी, पुढच्या दोन पट्ट्या आणि उजव्या बाजूचा एक खिसा निघतो.

खादीचा पन्हा कधी कधी धुतल्यावर ३५ इंचच भरतो. तेव्हा भाग आणि बाह्या साडेसतरा इंचांच्या करा, कळ्यांचे आयत पावणेनऊचे. छातीची ढिलाई सहाऐवजी पाच राहील, तरी चालतं. छाती ४० किंवा जास्त असेल तर सरळ ४४ पन्हा घ्या, ३६ मध्ये ओढाताण करू नका.

खांद्याला उतार फार द्यायचा नाही. गळ्यापासून खांद्याच्या टोकापर्यंत पाऊण इंच पुरे.

गळा आधी लहान कापा. भाग उभा घडी घालून मधल्या घडीपासून अडीच इंच रुंद, पुढे अडीच इंच खोल, मागे अर्धा इंच. लहान वाटला तर पुढच्या बाजूने पाव इंच वाढवता येतो. मोठा झालेला गळा मात्र लहान होत नाही.

पुढची पट्टी

हे काम सपाट कापडावर, बाकी काही जोडण्याआधी उरका. पुढच्या भागाच्या बरोबर मध्यावर सव्वा इंच रुंद आणि ११ इंच लांब आयत खडूने काढा, मधोमध एक उभी रेघ. पावणेचार इंच रुंद, साडेबारा इंच लांब अशा दोन पट्ट्या घ्या. वरच्या पट्टीला पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा आणि दोन्ही उभ्या दुमडून इस्त्री करा.

दुमडलेल्या पट्टीच्या कच्च्या कडा मधल्या रेघेला लावा, पट्टी बाहेरच्या बाजूला पसरलेली, आणि आयताच्या उभ्या रेघेवर टीप मारा. दुसरी पट्टी दुसऱ्या बाजूला तशीच. दोन्ही टिपा खाली आयताच्या कोपऱ्यावर थांबल्या पाहिजेत, एक टाका पुढे नाही आणि एक मागे नाही. शेवटचे दोन टाके चाक हाताने फिरवून घाला.

आता फक्त झब्ब्याचं कापड (पट्ट्या बाजूला करून) मधल्या रेघेवर कापत या, खालून पाऊण इंच वर थांबा आणि तिथून दोन्ही कोपऱ्यांकडे तिरकी कात्री मारा. कोपऱ्याच्या टिपेपासून एक धागा अलीकडे थांबायचं. आधीच थांबलात तर पट्टीच्या तळाशी चुणी राहते. टिपेच्या पलीकडे गेलात तर तिथे भोक पडतं आणि ते रफू करूनच झाकावं लागतं. पट्ट्या आत वळवा, डावी वर, उजवी खाली. मध्ये तयार झालेला छोटा त्रिकोण मागे घालून दोन्ही पट्ट्यांच्या टोकांना शिवा, मग वरून एक इंचाची चौकट टिपून घ्या.

खांदे जोडा आणि गळपट्टी लावा. तयार गळ्याची लांबी पट्टीच्या कडेपासून कडेपर्यंत फिरवून मोजा. गळपट्टी तेवढीच अधिक दोन्ही टोकांना अर्धा अर्धा इंच, तयार उंची सव्वा इंच. गळ्याच्या मायेला दर अर्ध्या इंचाला छोटी कात्री मारली नाही तर पट्टी मानेवर उभी राहायच्या ऐवजी पुढे झुकते.

बाही, कळी आणि काखेचा चौकोन

बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर ठेवून बाही भागाच्या उभ्या कडेला जोडा. टीप दोन्ही टोकांना अर्धा इंच आधी थांबवा. ही जागा पेन्सिलने ठिपका करून ठेवा, कारण पुढचं सगळं या ठिपक्यावर अवलंबून आहे.

मग कळ्या. कळीची तिरकी कड भागाच्या सरळ कडेला जोडायची, सरळ कड बाहेर बाजूला ठेवायची. तिरकी कड ओढली की लांबते. तिला भागाची सरळ कड धरून ठेवते, आणि बाजूचा कट सरळ कडेवर आल्याने तो लोंबत नाही. उलट लावलं तर चार धुण्यांनंतर झब्ब्याच्या दोन्ही बाजू मागच्या-पुढच्यापेक्षा खाली येतात. कळीची वरची कड बाहीच्या ठिपक्यापासून सुरू होते. इथेही पहिला टाका ठिपक्यावर घाला, वरच्या टोकापासून नाही.

आता झब्बा सपाट पसरला आहे, दोन्ही बाह्या आडव्या, चार कळ्या खाली. काखेजवळ पाहा: बाहीची खालची कड आणि कळीची वरची कड एका ठिपक्याशी भेटतात. चौकोन इथे बसतो.

चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना कडेपासून अर्धा इंच आत ठिपके द्या. ठिपक्यांमधलं अंतर अडीच इंच, म्हणजे कळीच्या तयार रुंदीएवढंच. चौकोनाची एक बाजू पुढच्या बाहीच्या खालच्या कडेला लावा, एका कोपऱ्याचा ठिपका काखेच्या ठिपक्यावर आणून. काखेच्या ठिपक्यावरून सुरू करून अडीच इंच शिवा, पुढच्या ठिपक्यावर थांबा, दोरा बांधा, कापा. चौकोनाची लगतची बाजू पुढच्या कळीच्या वरच्या कडेला लावून परत काखेच्या ठिपक्यापासूनच सुरू करा. दोन टिपा एकाच टाक्याच्या भोकातून निघाल्या पाहिजेत. मध्ये एक धागा कापड अडकलं तरी सुलट बाजूला टोचल्यासारखी चुणी दिसते. ती इस्त्रीने जात नाही. उसवून पुन्हाच शिवावी लागते.

मागची बाजू एका लांब शिवणीत मिटते. झब्बा खांद्यावर घडी घालून सुलट बाजू आत घ्या. मनगटापासून बाहीच्या दोन्ही कडा शिवत या, चौकोनाच्या ठिपक्यावर थांबा. चौकोनाची तिसरी बाजू मागच्या बाहीला, चौथी मागच्या कळीला, प्रत्येक वेळी ठिपका ते ठिपका. मग काखेखालून दोन्ही कळ्यांच्या सरळ कडा जोडत खाली या आणि तळापासून नऊ-दहा इंच वर थांबा, तो बाजूचा कट. खिसा लावायचा असेल तर उजव्या बाजूच्या याच शिवणीत, काखेखाली नऊ इंचांवरून, सहा इंचांचं तोंड ठेवून.

शिवून झाल्यावर घालून दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघायला सांगा. तळ दोन-तीन बोटं उचलला तर ठीक. त्याहून जास्त उचलत असेल तर चौकोन लहान पडला आहे. पुढच्या वेळी कळीचा वरचा भाग आणि चौकोन दोन्ही अर्धा अर्धा इंच वाढवा. नुसता चौकोन वाढवला तर तो कळीच्या कडेला बसणार नाही.

खादीच्या कडा फार सुटतात. भाग-कळीच्या लांब शिवणींना एका बाजूची माया पाव इंच कापून दुसरीने गुंडाळून वरून टिपा. पण काखेच्या चौकोनाला हे करू नका, कोपरे जाड होऊन काखेत टोचतात. तिथे झिगझॅग किंवा हाताने काठ घ्या.

तळाची दुमड घालण्याआधी झब्बा एक रात्र हँगरला टांगून ठेवा. कळ्यांच्या बाजूला तळ अर्धा-पाऊण इंच खाली आलेला दिसेल. तो गोलाईने कापून मगच दुमडा.

लेंगा

सीट ३८ असेल तर ढिलाईसह ५० इंच, म्हणजे एका पायाला २५. त्याला आसनाची (दोन पाय जिथे जोडतात त्या भागाची) पुढची बाजू अडीच इंच, मागची साडेचार इंच मिळवा. मायेसह ३३ इंच, ३६ पन्ह्यात एक पाय बरोबर बसतो. उंची ४० असेल तर नेफ्याला (नाडीच्या घडीला) दोन आणि मोहरीला (पायाच्या खालच्या दुमडीला) दीड इंच मिळवा. अडीच मीटर कापडात लेंगा होतो.

आसनाची खोली त्याला लाकडी खुर्चीवर ताठ बसवून मोजा: कमरेपासून खुर्चीच्या पाटापर्यंत, अधिक दीड इंच. मागची कंबर पुढच्यापेक्षा दीड इंच उंच कापायला विसरू नका. सारखी कापली तर माणूस मांडी घालून बसला की नेफा मागून खाली सरकतो, आणि नाडी कितीही आवळली तरी थांबत नाही. दोन पाय कापताना कापड पुन्हा सुलट बाजू समोरासमोर ठेवूनच कापा.

आधी प्रत्येक पायाची आतली शिवण. मग एक पाय सुलट करून दुसऱ्या उलट पायात घाला आणि पूर्ण आसन एका टिपेत पुढून मागे शिवा. त्याच टिपेला लागून एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अंतरावर दुसरी टीप. लेंगा फाटतो तो आसनातच. गोलाईच्या मायेला कात्री मारायची ती पहिल्या टिपेपर्यंत पोहोचू न देता. नाडीची दोन काजं नेफा दुमडण्याआधी पुढच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना करून घ्या, मागे फ्यूजिंगचा तुकडा लावून.

मुलाचा जोड

चार वर्षांच्या मुलाची छाती २२ धरली तर पाच इंच ढिलाई. भाग तयार साडेदहा इंच, कळी वर दीड इंच, चौकोन दीड इंच. मायेसह भाग साडेअकरा बाय २४, बाही १२ बाय साडेचौदा, कळीचा आयत साडेसहा बाय साडेअठरा (वर अडीच, खाली चार), चौकोन अडीच. ३६ पन्ह्याचं सव्वा मीटर कापड भरपूर होतं. बापाच्या जुन्या झब्ब्याचाही निघतो. १८ इंचांच्या भागातून साडेअकरा सहज बसतात, मात्र खांदा आणि काखेजवळचं विरलेलं कापड टाळून खालच्या अंगाने कापा. धुऊन धुऊन मऊ झालेलं ते कापड लहान मुलाच्या कातडीला नव्यापेक्षा बरं.

मुलाच्या झब्ब्यात घोटाळा गळ्याचा होतो. चार वर्षांच्या मुलाचं डोकं सुमारे २० इंच असतं आणि गळा जेमतेम १२. गळ्याचा घेर अधिक पट्टीच्या लांबीची दुप्पट, ही बेरीज डोक्यापेक्षा निदान दोन इंच जास्त हवी. म्हणून पट्टी सहा इंच ठेवा: १२ अधिक १२, म्हणजे २४. चार इंचांची गोंडस पट्टी केली तर झब्बा कानात अडकतो आणि मूल तो पुन्हा घालू देत नाही. उभी गळपट्टीही टाळा, उरेब (तिरक्या) कापलेल्या सव्वा इंचाच्या पट्टीने गळा आतून दुमडा. बटणं दोऱ्याचे चार-पाच फेरे देऊन, गाठ मारून घट्ट लावा. सुटलेलं बटण सरळ तोंडात जातं.

वाढीसाठी तळाला तीन इंचांची दुमड ठेवा. बाहीत मनगटाच्या वर आतल्या बाजूने एक इंचाची आडवी घडी लांब धावदोऱ्याने घाला. सहा महिन्यांनी उसवली की बाही दोन इंच वाढते. रुंदीत मात्र ढिलाई वाढवून ठेवू नका, खांदा उतरतो आणि मूल धावताना बाहीत हात अडकवतं.

लेंग्याला सीट २३ धरून नऊ इंच ढिलाई, मायेसह एक पाय २१ इंच. ४४ पन्ह्यात दोन्ही पाय शेजारी शेजारी बसतात, ९० सेंटीमीटर कापड पुरतं. नाडी घालू नका. शाळेत ती मुलाला स्वतः सोडता येत नाही आणि गाठ बसली की पंचाईत. पाऊण इंचाचं इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा दोन इंच कमी घ्या, टोकं एक इंच एकमेकांवर चढवून चौकोनी टीप मारा. नेफ्यात इलॅस्टिक पिळू नये म्हणून मागच्या मध्यावर आणि दोन्ही बाजूंना उभी टीप घाला. पुढे नको. मागचा मध्य ओळखायला तिथे रंगीत दोऱ्याचा एक फुलीचा टाका घातला, तर मूल लेंगा स्वतःच्या हाताने बरोबर बाजूने घालतं.